महामारी म्हणते थांबा, युद्ध म्हणते निघा : दुहेरी संकटातला परदेशप्रवास

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये सुमारे वीस हजार भारतीय होते आणि त्यांतले बहुसंख्य वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. त्या महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांच्या घरोघरी जवळजवळ एकच संभाषण रोज चालू असे. आमच्या सोसायटीतल्या एका घरात ते मी स्वतः ऐकले आहे. वडील फोनवर विचारत, "बाळा, तिकीट काढून टाकू का?" आणि तिकडून विनित्सिया शहरातली मुलगी म्हणे, "बाबा, दोन दिवस थांबा ना. ऑनलाइन वर्ग घेणार की नाही, हे कॉलेज अजून सांगतच नाहीये." वडील फोन ठेवत, टीव्हीकडे बघत बसत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारत. दोघांपैकी कोणाचेही डोके ठिकाणावर नव्हते असे नाही. दोघेही उपलब्ध माहितीवरून शक्य तितका शहाणपणाचा निर्णय घेऊ पाहत होते, परंतु त्यांच्यासमोर एकाच वेळी दोन संकटे होती, कोरोनाची महामारी आणि रशियाच्या हल्ल्याची भीती, आणि त्या दोन संकटांचे सल्ले एकमेकांच्या नेमके विरुद्ध होते.

महामारीत सर्वांत सुरक्षित गोष्ट म्हणजे आहे तिथे थांबणे, गर्दी टाळणे आणि प्रवास पुढे ढकलणे. युद्धाच्या सावटाखाली सर्वांत सुरक्षित गोष्ट म्हणजे वेळेवर निघणे, मग गर्दीच्या विमानातून का होईना. दोन वर्षे ज्यांच्या मनावर "घरात राहा, सुरक्षित राहा" हे वाक्य कोरले गेले होते, त्यांना अचानक "निघा" हे वाक्य ऐकू येणे अवघड होते. परदेशात शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हा विरोध आधीच समजून घेतला पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण तो समजला की बाकीची तयारी आपोआप योग्य क्रमाने लागते.

दोन संकटांचे दोन स्वभाव

महामारीत प्रामुख्याने आत येण्याचे दरवाजे बंद होतात. देश परकीयांना प्रवेश नाकारतात, चाचणीचे अहवाल मागतात, विलगीकरणात ठेवतात. हे नियम बहुधा अधिसूचना काढून, तारीख देऊन लागू होतात आणि तसेच मागेही घेतले जातात. युद्धात बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होतात आणि ते कोणतीही तारीख न देता, कधी कधी तासाभरात बंद होतात. महामारीत कागदपत्रे वाढतात, तर युद्धात तीच कागदपत्रे मिळवण्याची ठिकाणे, म्हणजे प्रयोगशाळा, बँका, कार्यालये, बंद पडतात. दोन्ही एकत्र आली की एका संकटाने मागितलेला कागद दुसऱ्या संकटामुळे मिळेनासा होतो. खरी कोंडी इथे आहे.

युक्रेनच्या बाबतीत ही कोंडी अगदी स्पष्ट दिसते. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली होती आणि ती पूर्ववत सुरू झाली २७ मार्च २०२२ रोजी. मधल्या दोन वर्षांत निवडक देशांशी 'एअर बबल' नावाचे करार करून मर्यादित विमाने चालवली जात होती, ज्यांत फेऱ्यांची आणि आसनांची संख्या ठरलेली असे. युक्रेनसाठीची ही मर्यादा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी उठवण्यात आली, म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या अवघे सात दिवस आधी. तोवर तिकिटे कमी होती आणि दर चढत होते. त्यातच त्या महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केवळ ऑनलाइन पद्धतीने केलेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला मान्यता नसल्याचे पुन्हा सांगितले होते. ती सूचना चीनमध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात होती, परंतु युक्रेनमधल्या मुलांनीही तिचा अर्थ स्वतःपुरता लावला : वर्ग सोडून घरी गेलो आणि वर्ष वाया गेले तर काय? घरी परतायचे तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल किंवा काही देशांतून येणाऱ्यांच्या बाबतीत पूर्ण लसीकरणाचे प्रमाणपत्र 'एअर सुविधा' या संकेतस्थळावर आधीच चढवावे लागत होते. मुलांनी थांबण्याचा निर्णय घेतला त्यामागे युद्धाविषयीची बेफिकिरी कमी आणि महामारीने घालून दिलेल्या अशा अटी अधिक होत्या.

इशाऱ्यांची भाषा

परराष्ट्र मंत्रालय किंवा दूतावास जो सल्ला प्रसिद्ध करतो, त्याला आपण सूचनापत्र म्हणू. ही सूचनापत्रे मुत्सद्द्यांच्या भाषेत लिहिलेली असतात, कारण यजमान देशाशी संबंध बिघडू न देता आपल्या नागरिकांना सावध करायचे असते. म्हणून त्यांतला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो आणि वाचणाऱ्यानेही तो तसाच मोजून वाचावा लागतो. कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारीला सांगितले की ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. २० फेब्रुवारीच्या सूचनेत 'विचार करावा' हे शब्द गेले आणि देश सोडावा असा थेट सल्ला आला. २२ फेब्रुवारीला तर ऑनलाइन वर्गांबाबत विद्यापीठाच्या अधिकृत निर्णयाची वाट न पाहता निघा, असे सांगण्यात आले. सात दिवसांत क्रियापद दोनदा बदलले. ज्यांनी हा बदल ओळखला ते निघाले. ज्यांनी तिन्ही सूचना एकसारख्याच वाचल्या, त्यांना २४ फेब्रुवारीच्या पहाटे स्फोटांनी जाग आली.

एका देशाच्या सूचनापत्रावर विसंबून राहू नये, हे त्याहून महत्त्वाचे. अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपल्या नागरिकांना युक्रेन सोडण्यास ११ फेब्रुवारीच्या सुमारासच सांगितले होते, म्हणजे भारताच्या पहिल्या सूचनेच्या चार दिवस आणि युद्धाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. त्याच काळात युक्रेनचे सरकार मात्र लोकांना घाबरून जाऊ नका असे सांगत होते, आणि त्याचीही कारणे होती, कारण घबराट पसरली की अर्थव्यवस्था कोसळते. यजमान देशाचे सरकार, तिथले विद्यापीठ, तिथला मालक यांना आपण तिथे राहण्यात स्वारस्य असते. त्यांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही, परंतु तुमच्या सुरक्षिततेचा निर्णय त्यांनी घ्यावा ही अपेक्षा चुकीची आहे.

सरकारांइतक्याच लवकर धोका ओळखणारी एक मंडळी असते आणि तिच्याकडे सामान्य प्रवाशाचे लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे विमानांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या. विमान कोट्यवधी डॉलरचे असते, ते पुष्कळदा भाड्याने घेतलेले असते, आणि युद्धाच्या जोखमीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. एखाद्या देशावरून उडण्याची जोखीम वाढली की विमा कंपन्या संरक्षण काढून घेतात किंवा विमानाचा मूळ मालक ते त्या देशात नेण्यास मनाई करतो. डच कंपनी केएलएमने १२ फेब्रुवारीला युक्रेनची उड्डाणे थांबवली. त्याच दिवशी पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून कीव्हला निघालेले स्कायअप या युक्रेनी कंपनीचे विमान मोल्दोव्हाची राजधानी किशिनौ येथे उतरवावे लागले, कारण विमानाच्या मालकाने ते युक्रेनच्या हद्दीत नेऊ दिले नाही. २१ फेब्रुवारीपासून जर्मनीच्या लुफ्तान्साच्याही कीव्हच्या फेऱ्या बंद झाल्या. पैसे ज्यांचे बुडणार असतात ते आशेवर निर्णय घेत नाहीत, म्हणून त्यांचा निर्णय प्रवाशाने स्वतःसाठी इशारा मानावा.

विमान कंपन्यांची ही सावधगिरी कटू अनुभवातून आली आहे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातले सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान पाडले गेले, त्यात १७६ जणांचा बळी गेला. म्हणून संघर्ष पेटताच हवाई हद्द बहुधा बंद होते. वैमानिकांसाठी 'नोटॅम' नावाची सूचना निघते आणि ती लागू होताच हवेत असलेली विमानेसुद्धा वळवली जातात. २४ फेब्रुवारीच्या सकाळी दिल्लीहून कीव्हकडे निघालेले एअर इंडियाचे विमान असेच अर्ध्या वाटेतून परत फिरले. विद्यार्थ्यांना आणण्यासाठी २२, २४ आणि २६ फेब्रुवारी अशा तीन फेऱ्या ठरल्या होत्या. कीव्हला पोहोचू शकली ती फक्त पहिली.

शेजारचा देश नकाशात शोधून ठेवा

विमानतळ बंद झाला म्हणजे सुटकेचा मार्ग संपला असे नसते, तो जमिनीवर येतो. गेल्या काही दशकांतल्या भारतीयांच्या मोठ्या सुटकांकडे पाहिले तर एकच नकाशा पुन्हा पुन्हा दिसतो. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे पावणेदोन लाख भारतीय मोठ्या संख्येने रस्त्याने जॉर्डनपर्यंत आले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी घरी परतले. कोकणात आजही अनेक घरांत त्या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या जातात. २०२२ मध्ये 'ऑपरेशन गंगा'खाली विद्यार्थी रोमानिया, हंगेरी, पोलंड, स्लोव्हाकिया आणि मोल्दोव्हात पोहोचले. पहिले विमान २६ फेब्रुवारीच्या रात्री २१९ जणांना घेऊन बुखारेस्टहून मुंबईत उतरले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधले भारतीय खार्टूमहून बसने पोर्ट सुदानला आणि तिथून नौदलाच्या जहाजांनी व हवाई दलाच्या विमानांनी जेद्दाहला गेले. जून २०२५ मध्ये इराणमधले विद्यार्थी रस्त्याने आर्मेनियात आले आणि येरेवानहून दिल्लीला परतले.

यावरून एक साधे काम निघते, जे इथून निघण्यापूर्वी तासाभरात होते. आपण राहणार त्या शहरापासून जमिनीवरून सर्वांत जवळच्या दोन सीमा कोणत्या, तिथवर रेल्वे जाते की बस, पलीकडच्या देशाचा व्हिसा लागतो का, आणि महामारीच्या काळात असाल तर त्या देशाचे आरोग्यविषयक नियम काय आहेत, हे एका कागदावर लिहून ठेवावे. पोलंडने युक्रेनमधून येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घेतले आणि युद्धातून पळून येणाऱ्यांसाठी कोरोना चाचणीची अट बाजूला ठेवली. ही माणुसकी होती, परंतु अशी सवलत मिळेलच असे गृहीत धरून योजना आखता येत नाही.

याची उलटी बाजू आपल्या माणसांनी एप्रिल २०२१ मध्ये अनुभवली. भारतात दुसरी लाट भरात होती आणि बऱ्याच आखाती देशांनी भारतातून थेट येणाऱ्यांना बंदी घातली होती. नियम असा होता की आधीचे चौदा दिवस भारताबाहेर काढले असतील तर प्रवेश मिळेल. म्हणून सौदी अरेबियात कामाला जाणारे हजारो कामगार काठमांडूत जाऊन चौदा दिवस पूर्ण करत होते. एप्रिलच्या अखेरीस नेपाळने तिसऱ्या देशात जाण्यासाठी येणाऱ्या भारतीयांना आपली भूमी वापरू देणे थांबवले आणि बरेच जण हॉटेलचे भाडे भरत, ना पुढे ना मागे, असे अडकले. वाटेतल्या देशाचा नियम हा आपल्या मुक्कामाच्या देशाच्या नियमाइतकाच महत्त्वाचा असतो. दोन तिकिटे वेगवेगळी काढून स्वस्तात प्रवास करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पहिली फेरी चुकली तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते.

कागदांची थैली

युक्रेनमधून निघणाऱ्या विद्यार्थ्यांना दूतावासाने २५ फेब्रुवारीला सांगितलेल्या वस्तू पाहा : पासपोर्ट, रोख रक्कम, शक्यतो डॉलरमध्ये, इतर आवश्यक सामान आणि उपलब्ध असल्यास कोरोना लसीच्या दोन मात्रांचे प्रमाणपत्र. शिवाय भारताचा ध्वज छापून वाहनावर ठळक दिसेल असा चिकटवा. तोफा धडाडत असताना लसीचे प्रमाणपत्र मागणारी ही यादी वाचून त्या वेळी मला विलक्षण वाटले होते. आज वाटते की दुहेरी संकटाचे इतके नेमके चित्र दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसेल. आमच्या शेजारच्या मुलीने परत आल्यावर मला तिची प्लास्टिकची थैली दाखवली. आत पासपोर्ट, टीआरसी म्हणजे तिथल्या तात्पुरत्या वास्तव्याचे कार्ड, कोविनचे प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, दोनशे डॉलर आणि ए-फोर आकाराच्या कागदावर छापलेला तिरंगा होता. छापणाऱ्या यंत्रात शाई संपत आली असावी, कारण केशरी रंगाचे पट्टे पट्टे उमटले होते. तो कागद त्यांच्या बसच्या समोरच्या काचेवर रोमानियाच्या सिरेत सीमेपर्यंत होता आणि बसमधून उतरताना तिने तो जपून काढून घेतला होता.

या थैलीत काय असावे हे आजाराप्रमाणे बदलते. सुदानचे उदाहरण त्यासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत पीतज्वर आढळतो. भारतात तो नाही, पण तो पसरवू शकणारा डास आहे. म्हणून अशा देशातून लस न घेता येणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सुदानमधल्या गोळीबारातून सुटून आलेल्या शंभराहून अधिक भारतीयांना घरी जाण्याऐवजी याच कारणासाठी विलगीकरण केंद्रात जावे लागले. पीतज्वराची लस एकदाच घ्यावी लागते, तिचे पिवळे पुस्तक, म्हणजे प्रमाणपत्र, २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, मात्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ते वैध ठरते. म्हणजे हा कागदही आणीबाणीत मिळवता येत नाही, तो आधीच असावा लागतो.

लस घेतलेली असणे आणि ती समोरच्या देशाने मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने कोविशील्ड ही लस मान्य केली, पण भारतीय प्रमाणपत्र मान्य करण्यास वेळ लावला. भारताने उत्तरादाखल ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध घातले आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने अट मागे घेतली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली आणि तोवर ती घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांची अडचण झाली. म्हणून लस कोणती, प्रमाणपत्रावर जन्मतारीख पूर्ण आहे का, नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का, हे बारकाईने पाहावे. आपल्याकडे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरे आणि वडिलांच्या नावासकट तिसरे अशी नावे असतात. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्रातली नाव लिहिण्याची पद्धत ठाऊक नसते.

पासपोर्ट शक्यतो कोणाच्याही ताब्यात राहू देऊ नये. वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो कार्यालयात द्यावाच लागला तर पोचपावती घ्यावी आणि पहिल्या व शेवटच्या पानाची छायाप्रत जवळ ठेवावी. पासपोर्ट हरवला किंवा अडकला तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, ज्यावर फक्त भारतात परत येता येते. दूतावासाकडे नाव नोंदवणे हेही याच कामाचा भाग आहे. तुम्ही त्या देशात आहात हेच ठाऊक नसेल तर बस कोणत्या वसतिगृहापाशी पाठवायची हे कोणी ठरवू शकत नाही. अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयांच्या मदतीसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

विमा काय देत नाही

प्रवास विमा घेताना आपण रक्कम पाहतो. पाहायला हवे ते अपवादांचे पान. जवळजवळ प्रत्येक प्रवास विम्यात युद्ध, आक्रमण, यादवी यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. महामारीबाबत कंपन्यांचे धोरण वेगवेगळे असते : काही रुग्णालयाचा खर्च देतात, परंतु प्रवास रद्द झाला किंवा विलगीकरणात राहावे लागले तर तो खर्च देत नाहीत. आणखी दोन अटी महत्त्वाच्या असतात. संकट जाहीर झाल्यानंतर घेतलेला विमा त्या संकटासाठी उपयोगी पडत नाही, आणि आपल्या सरकारने जाऊ नका असे सांगितलेल्या देशात गेलात तर संपूर्ण विमाच निरुपयोगी ठरू शकतो. युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक असते, म्हणून अनेक जण तेवढ्याच रकमेचा स्वस्तातला विमा घेतात. तो व्हिसा मिळवण्यासाठी पुरतो, संकटासाठी पुरेलच असे नाही.

आखातात कामाला जाणाऱ्या, ईसीआर शिक्क्याचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा, पासपोर्ट असलेल्या कामगारांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना बंधनकारक आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये इतका कमी असून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे. पर्यटक व्हिसावर नेऊन तिथे काम लावून देतो असे सांगणारा एजंट याच संरक्षणापासून कामगाराला तोडतो. युद्ध पेटले की अशा माणसाचे नाव कोणत्याही यादीत नसते.

रोख रकमेविषयी थोडेसे. युद्ध सुरू झाले त्याच दिवशी युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने रोज काढता येणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली आणि परकीय चलन रोखीत देणे थांबवले, एटीएमसमोर रांगा लागल्या. भारतातून जाताना साधारणपणे तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. त्यांतल्या दोन-तीनशे डॉलरच्या लहान नोटा कधीही न मोडता बाजूला ठेवाव्यात.

दरवाजे बंद झाल्यावर

इथे पहिला सल्ला उलटतो. निघण्याची वेळ टळून गेली आणि गोळीबार सुरू झाला की घाईने निघणे सर्वांत धोक्याचे होते. २६ फेब्रुवारीला दूतावासाने सांगितले की आमच्याशी समन्वय साधल्याशिवाय सीमेकडे येऊ नका. पश्चिमेकडच्या ज्या शहरांत पाणी, अन्न आणि निवारा आहे तिथे थांबणे तुलनेने बरे. तोवर पोलंडच्या मेडिका सीमेवर हजारो माणसे गोठवणाऱ्या थंडीत उभी होती. याउलट २ मार्चला खारकीव्हमधल्या भारतीयांना संध्याकाळी सहाच्या आत, वाहन नसेल तर पायी, पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्ल्युदोव्हका ही जवळची गावे गाठण्यास सांगितले गेले. त्याच्या आदल्याच दिवशी तिथे एका भारतीय विद्यार्थ्याचा गोळाफेकीत मृत्यू झाला होता. एकाच देशात, चार दिवसांच्या अंतराने, दोन शहरांना दोन विरुद्ध आदेश आणि दोन्ही बरोबर. म्हणून आपल्या शहरापुरती सूचना वाचावी आणि दुसऱ्या शहरातल्या मित्राने काय केले यावरून ठरवू नये.

युक्रेनच्या सुमी शहरातल्या मुलांची गोष्ट याहून कठीण होती. पाण्यासाठी बर्फ वितळवत त्यांनी दिवस काढले. ७ मार्चला बस आल्या, मुले चढली आणि गोळीबार न थांबल्याने त्यांना उतरवण्यात आले. मानवतावादी मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी ठराविक तास ठराविक रस्त्यावर गोळीबार न करण्याचे दिलेले वचन असते आणि ते मोडू शकते. दुसऱ्या दिवशी ६९४ विद्यार्थी अखेर बसने पोल्टाव्हाकडे निघाले.

अशा वेळी आजाराचे काय, असा प्रश्न पडेल. भुयारी रेल्वेच्या स्थानकात शेकडो माणसे दाटीने झोपलेली असताना अंतर राखणे शक्य नसते आणि बॉम्ब व विषाणू यांतून निवड करायची तर आधी बॉम्बपासूनच वाचायचे असते. पण जे शक्य आहे ते सोडू नये. चांगले एन-९५ मास्क अर्धा डझन घेतले तरी वजन होत नाही. विमानातली हवा गाळण्यांतून सतत बदलत असते, त्यामुळे संसर्गाचा धोका रांगेत, बसमध्ये आणि सगळ्यांनी एकाच वेळी मास्क काढून जेवताना अधिक असतो. युद्ध सुरू झाल्यावर तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने युक्रेनमधला प्राणवायूचा साठा धोकादायक पातळीला आल्याचा इशारा दिला, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत कोरोनाचे सुमारे १,७०० रुग्ण होते. युद्धात आजारी पडणाऱ्याला खाट मिळेल याची खात्री नसते, म्हणूनच रोजच्या गोळ्यांचा महिनाभराचा साठा आणि औषधाच्या मूळ नावासह लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

२८ फेब्रुवारीला भारताने युक्रेनहून येणाऱ्यांसाठी आरटीपीसीआर अहवाल, लसीचे प्रमाणपत्र आणि एअर सुविधावरची नोंदणी या अटी शिथिल केल्या. आल्यावर तपासणी आणि चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे एवढेच उरले. युद्धाने महामारीला बाजूला सारले तो हा क्षण होता, आणि सरकारने तो वेळेवर ओळखला याचे कौतुक केले पाहिजे.

आमच्या शेजारची मुलगी सिरेतमार्गे बुखारेस्टला आणि तिथून घरी आली. आता तिचा धाकटा भाऊ जॉर्जियातल्या तिबिलिसीत शिकतो. तो निघण्याच्या आदल्या रात्री आईने त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावला, तो अजून तिथेच आहे. वरती दूतावासाचा क्रमांक. त्याखाली सीमेवरच्या दोन गावांची नावे आणि बसचे भाडे. सर्वांत खाली बहिणीच्या अक्षरात : "विमान कंपन्यांनी फेऱ्या थांबवल्या की त्याच दिवशी निघायचं. कॉलेजला विचारायचं नाही, आम्हालाही विचारायचं नाही. निघाल्यावर फोन कर."